ब्रॅकनवेलचा तिसरा मुलगा

आमच्या मेस्त्रींना लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की ते आधी तिला टिचकी मारतात. मग मान तिरकी करून ऐकतात आणि मग तिची लायकी सांगतात. नळाला मारतात, लिफ्टच्या दाराला मारतात, खालच्या बकाल्यात वाणसामान आणायला गेले तर तिथल्या वजनकाट्याला मारतात. एकदा बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्याला टिचकी मारली, तर त्या सीटवरचा पठाण भांडायलाच उठला. मेस्त्री त्याला शांतपणे म्हणाले, "तुम्हारा कसूर नहीं भाई, दांडा पोकळ है."

मी नवा तवा आणला त्या दिवशीची गोष्ट. मी पीठ मळत होते. मेस्त्री कामावरून आले, स्वयंपाकघरात डोकावले, तवा उचलला आणि टिचकी मारली.

"हो तवो नाय, वयनी," ते म्हणाले. "डबो."

मला म्हणायचं होतं, चपाती भाजायची आहे मेस्त्री, तोफ ओतायची नाही. पण मला वेळेवर बोलायला कधी जमलेलं नाही. उत्तर सुचतं ते भांडी घासताना. म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. आणि मेस्त्रींसमोर "बरं" म्हणणं म्हणजे त्यांना बसायला पाट देणं. त्यांनी स्टूल ओढलं.

"आता ब्रॅकनवेलचा लोखंड बघा..."

झालं. चपात्या होईपर्यंत मी विलायतेतून हलले नाही.

ही ब्रॅकनवेल म्हणजे विलायतेतली एक कंपनी. इंजिनं, बॉयलर, पूल आणि तोफा, रणगाडे करणारी. मेस्त्रींनी ती कधी पाहिलेली नाही. ते कुवेतला पहिल्यांदा आले तेव्हा एका मोठ्या गॅरेजात फिटर होते, आणि तिथे त्या कंपनीच्या जुन्या चिलखती गाड्या दुरुस्तीला यायच्या. तिथला एक म्हातारा गोरा साहेब चहाच्या वेळी त्यांना कंपनीच्या गोष्टी सांगायचा, मोडक्या हिंदीत. साहेब गेला, गॅरेज बंद झालं, मेस्त्री पंप आणि जनरेटर दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या वर्कशॉपात लागले. पण गोष्टी त्यांच्याजवळ राहिल्या. तिथून त्या आमच्याकडे आल्या, कारण फरवानियातला हा फ्लॅट आम्ही दोघांत घेतला आहे. हॉल आणि लहान खोली आमची, मागची खोली मेस्त्रींची, स्वयंपाकघर सगळ्यांचं, आणि मेस्त्रींचं जेवण माझ्याकडे. आमचे हे एसी दुरुस्तीच्या कामावर सकाळी जातात ते संध्याकाळी उशिरा येतात, त्यामुळे कंपनीचा इतिहास जो काही पडतो तो माझ्या अंगावर पडतो. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "म्हातारा माणूस आहे, ऐकून घे." ह्यांचं काय जातं? हे जेवतात आणि झोपतात.

मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचं नाव मला माहीत नाही. पण म्हातारा ब्रॅकनवेल नदीकाठी घोड्यांचे नाल ठोकत होता, मग कोळशाच्या खाणीत पाणी भरलं तेव्हा त्याने पंप करून दिला आणि तिथून त्याचं नशीब उघडलं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पंपामागून बॉयलर. बॉयलरमागून पूल. मग त्याचे दोन मुलगे मोठे झाले आणि घरात फूट पडली.

हा भाग मेस्त्री अगदी आमच्या वाडीतला तंटा असल्यासारखा सांगतात. "थोरलो म्हणता, आपण पूल बांधूया. धाकटो म्हणता, पुलात काय नाय, तोफा ओतूया. राजा पैसे देता. म्हातारो मधे बसलेलो. आता तुमीच सांगा, वयनी, चूक कोणाची?"

मला काय ठाऊक? मी कांदा चिरत असते. पण उत्तर दिल्याशिवाय मेस्त्री पुढे जात नाहीत आणि पुढे गेल्याशिवाय उठत नाहीत. म्हणून मी एकदा म्हटलं, "थोरल्याची."

त्यांना ते आवडलं नाही. "थोरल्याची कशी? थोरल्यान काय केल्यान?" मग त्यांनी थोरल्याची बाजू पहिल्यापासून मांडली. पुढच्या वेळी मी "धाकट्याची" म्हटलं, तर धाकट्याची मांडली. तिसऱ्या वेळी मी "म्हाताऱ्याची" म्हटलं. मेस्त्रींनी मान डोलावली. मग म्हणाले, "ता मात्र खरां," आणि उठून गेले. तेव्हापासून मी दर वेळी म्हाताऱ्यालाच दोषी धरते.

तोफांचं मला कधी पटलं नाही. एकदा धीर करून म्हटलं, "मेस्त्री, माणसं मारायच्याच ना त्या?"

ते म्हणाले, "मारूच्योच. पण ओतणारो दुपारी घरी जेवूक जाय, वयनी. भोंगो झालो की सगळे घराक. बायलेन गरम वाढलेला जेवत आणि परत भोंग्याक हजर." हा भोंग्याचा भाग त्यांचा आवडता. तोफ कशी ओततात हे ते भराभर उरकतात, पण माणसं दुपारी कुठल्या गल्लीने घरी जायची, दारात बूट कुठे काढायची, हे सावकाश सांगतात. आणि लढाईच्या काळात पुरुष गेल्यावर बायका गोळ्यांत दारू भरायच्या, तिने त्यांचे हात पिवळे व्हायचे, "हळद लागल्यासारखे," हेसुद्धा.

त्यांचं एक पालुपद आहे. "कंपनीचा लोखंड खोटा बोलणा नाय." हे ते कशालाही लावतात. दुधवाला उशिरा आला तरी हेच, मंत्री बदलला तरी हेच. आमच्या इमारतीचा राखणदार, इथे त्याला हारिस म्हणतात, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा आहे. त्याला मराठीचा गंध नाही, मेस्त्रींचं अरबी पान्हा आणि बोल्टपुरतं. तरी जिन्याखाली बसून दोघांचा तोफांचा भाग चालतो. मेस्त्री हाताने नळी करून दाखवतात, हारिस गाल फुगवून "बुम" म्हणतो. मला जिन्यातून पाण्याची बाटली वर न्यायची असते आणि मधे लढाई चाललेली असते.

खंडेनवमीची गोष्ट तर त्यांनी स्वतःच सांगितली, आणि सांगताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या जुन्या गॅरेजात असताना खंडेनवमी आली. घरी असतो तर आपण कोयत्या-कुऱ्हाडीला कुंकू लावतो. मेस्त्रींनी विचार केला, इथे तर साक्षात शस्त्रच दारात उभं आहे आणि तेही ब्रॅकनवेलचं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांनी चिलखती गाडीच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हळद-कुंकवाची बोटं ओढली, फूल ठेवलं, नमस्कार केला. कुंकू तेलकट लोखंडावर विरघळलं आणि ओघळलं. दुपारी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने खाली वाकून बघितलं तर लाल थेंब. गाडीच्या गिअरमधलं तेलही लालच असतं म्हणे. तो ओरडला, गळती आहे! मग चार माणसांनी मिळून गिअरची पेटी उघडली, पुसली, सगळी झाकणं बदलली. गळती सापडेना. मेस्त्री स्वतः त्या चारांत होते.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगून काय? पेटी उघडली ता बरा झाला. आत एक दातो झिजललो. देवान दाखवल्यान."

असा माणूस. ह्याच्याशी कोण बोलणार?

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

गेल्या वर्षी गावी मेस्त्रींच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांची मुलगी वैजू लग्न होऊन शेजारच्याच वाडीत आहे, ती येऊन आईजवळ राहिली. मेस्त्री तातडीने गेले. मला वाटलं, आता काही हे परत येत नाहीत. पण रजा संपली तसे परत आले. वैजूने नंतर मला फोनवर सांगितलं, "मावशी, बाबा आले, विहिरीचा पंप खोलला, धुतला, परत बसवला. आईच्या खाटेजवळ एक शब्द बोलले नाहीत. बाहेरच पायरीवर बसून राहायचे."

मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्या भाजीत मीठ बघितलं नाही. इथे बकाल्याच्या काट्यापाशी ज्याचं तोंड थांबत नाही, त्याला बायकोशी बोलायला काही सुचू नये?

डॉक्टरांनी वैजूला सांगितलं होतं, आईशी सतत बोलत राहा, ऐकता ऐकता वाचा थोडी परतू शकते. वैजूने ते बापाला कळवलं. आणि मेस्त्रींनी रोज संध्याकाळी फोन सुरू केला. वर्कशॉपच्या आवाजाने त्यांचा एक कान मंद झाला आहे, म्हणून फोन स्पीकरवर. त्यांच्या खोलीत नेट येत नाही, म्हणून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी भाकरी थापतेय आणि मेस्त्री घसा साफ करतायत. मला वाटलं, आता तरी विचारतील, कशी आहेस, जेवलीस का.

"हां, ऐक," मेस्त्री म्हणाले. "विलायतेत एक कंपनी होती. ब्रॅकनवेल."

माझ्या हातातली भाकरी फाटली.

रोज. रोज हेच. ती बिचारी तिकडे अर्ध्या अंगाने पडलेली, आणि हा माणूस तिला बॉयलर सांगतोय. वैजू मधूनच म्हणायची, "बाबा, आई झोपली." तर हे म्हणायचे, "असांदे, मी हळू सांगतंय." मी एकदा म्हटलंच, "मेस्त्री, अहो, लग्नाचं काही बोला, गावातलं बोला. घरी जायचं बघा. काय ती कंपनी!"

"जातलंय," ते म्हणाले. "फुडल्या म्हयन्यात."

पुढचा महिना आला की पुन्हा पुढचा महिना. त्यांची अडचण मला कळत नव्हती असं नाही. ह्या वयाच्या माणसाने इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून इथून एकदा पाय काढला की पुन्हा आत येणं कठीण, ते कायमचंच जाणं. पण मग जावं ना कायमचं! खोलीत एक ट्रंक, एक पंखा आणि भिंतीला कॅलेंडर. कशासाठी राहायचं?

असेच दिवस चालले होते आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की कंपनीत काहीतरी बिघडलंय. मेस्त्री फोनवर सांगत होते, "आणि तिसरो झील होतो तो..."

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून वळले. इतकी वर्षं दोन मुलगे. पूलवाला आणि तोफवाला. तिसरा आला कुठून?

फोन झाल्यावर मी विचारलं. मेस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतो एक तिसरो. मी सांगूक इसारललंय."

"इतकी वर्षं?"

"घरात नाय तेची आठवण कोणाक येता? तेका पंप घेवन परदेशात धाडललो. वाळवंटात."

मग हा तिसरा वाढतच गेला. पूल आणि तोफा मागे पडल्या. तिसरा जहाजात बसला. तिसरा वाळूत उतरला. तिथल्या लोकांच्या विहिरींना त्याने पंप बसवले. त्याचं लग्न झालेलं होतं, बायकोचं नाव मेरी. तिला तो म्हाताऱ्याच्या घरात ठेवून आला होता. दर हिवाळ्यात म्हणायचा, येत्या हिवाळ्यात येतो. आणि एक पंप बिघडायचा. "तेच्याशिवाय दुसऱ्या कोणाक जमा नाय," मेस्त्री सांगायचे, "निदान तेका तरी तसा वाटा."

मी म्हटलं, जाऊ दे. कंटाळा येण्यासारखा होता, पण निदान तोफा नव्हत्या. आणि एक गोष्ट खरी, वैजूने "आई झोपली" म्हणायचं सोडलं होतं.

मग ती शुक्रवारची पूजा झाली. रिग्गईला जोशी म्हणून आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्याकडे सत्यनारायण होता आणि पुरणपोळ्या माझ्याकडून मागवल्या होत्या. डबे जड, ह्यांना सुटीच्या दिवशीही एक तातडीचं काम निघालेलं, म्हणून मेस्त्री बरोबर आले. मी त्यांना जिन्यातच विनवलं, "मेस्त्री, आज कंपनी नको हं. मोठी माणसं आहेत."

"मी कित्याक बोलतंय?" ते म्हणाले.

आत शिरल्या शिरल्या त्यांनी जोश्यांच्या समईला टिचकी मारली.

प्रसाद होईपर्यंत पंधरा माणसं त्यांच्याभोवती बसली होती. माणसं चांगली होती, हसत होती, ऐकत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी, मनात म्हणत होते, आता थांबा, आता पुरे. मेस्त्री रंगात आले होते. नाल, पंप, बॉयलर, भाऊबंदकी. आणि मग तिसरा मुलगा.

जोश्यांची मुलगी कॉलेजात जाते. ती मोबाइलमध्ये बघत होती. म्हणाली, "बाबा, इट सेज ओन्ली टू सन्स."

जोशी हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "अहो मेस्त्री, इथे तर दोनच मुलगे दिलेत. तिसरा कुठून आणलात?"

सगळे हसले. मेस्त्री म्हणाले, "मोबाइल काय तेंच्याकडे जेवूक गेललो?"

त्यावर आणखी हशा झाला. एक जण म्हणाला, "मेस्त्री, तिसरा तुमचाच कुणीतरी दिसतोय!" कुणी टाळी दिली. मेस्त्रीही हसले, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. चोरी करताना पकडल्यासारखा झाला होता. त्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि बूट घालायला लागले.

बसमध्ये त्यांनी एकाही दांड्याला हात लावला नाही. मला वाटलं, सुटले एकदाची. खरंच तसंच वाटलं. त्या संध्याकाळी खिडकीत फोन झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मेस्त्री कामावरून येत, जेवण खोलीत नेत, दार लावून घेत. स्वयंपाकघरात इतकी शांतता की फोडणीचा आवाज मोठा वाटायला लागला. चिडायला कोणी नसलं की कामाला हात उचलत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी माझ्या फोनवर वैजूचा व्हिडिओ कॉल आला. हे झोपले होते, मेस्त्रींचं दार लावलेलं.

"मावशी, बाबा आजारी आहेत का? फोन उचलत नाहीत."

"नाही गं, बरे आहेत."

"मग झालंय काय? आई पेज घेत नाही. तोंड फिरवून भिंतीकडे बघते. रोज संध्याकाळी फोनकडे हात करते आणि असं करते, बघ." वैजूने फोन खाटेकडे वळवला. काकींना, म्हणजे वैजूच्या आईला, मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सुकलेला चेहरा, एका बाजूला ओढलेला. डावा हात वर होता आणि तीन बोटं उभी होती.

"तीन तीन काय करते, कळत नाही," वैजू म्हणाली. "गोळ्या म्हणावं तर दोनच आहेत. तीन वाजता म्हणावं तर तीन वाजता काही नसतं."

मला कळलं. आणि लगेच असा राग आला त्या बंद दाराचा! मी हाक मारली, "मेस्त्री!" दार हललं नाही. "मेस्त्री, काकी विचारतायत!" नाहीच.

मला अनोळखी माणसाशी बोलताना घाम फुटतो. जोश्यांच्या घरी पाणी मागायचं तरी मी तीनदा मनात म्हणून बघते. पण काकींची बोटं खाली येत नव्हती. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि म्हटलं, "काकी, मी सांगते. मला सगळं माहीत आहे."

आणि मी सांगितलं. तिसरा मुलगा वाळवंटात होता. ऊन असं की पान्हा हाताला चिकटायचा. वाळू उडाली की दुपारची संध्याकाळ व्हायची. तो एका खोलीत राहायचा, एक ट्रंक आणि एक पंखा. मी जे बघत होते तेच सांगत होते, मला दुसरं काय येतं? संध्याकाळी कामावरून आला की त्याला कुणाशी तरी बोलायला लागायचं, म्हणून तो शेजारणीचं डोकं खायचा. शेजारीण फार वैतागायची. त्यावर काकींच्या अर्ध्या तोंडावर काहीतरी हललं. ते हसू होतं.

"मग एके दिवशी एक मोठा पंप बिघडला," मी म्हटलं. "उभा पंप होता, विहिरीत सोडलेला..."

"आडवो."

मी मागे वळले. मेस्त्री दारात उभे होते, बनियन आणि लुंगीवर. डोळे लाल.

"उभो पंप तेवा नव्हतो," ते म्हणाले. "कंपनी आडवे पंप करी. येत नाय ता सांगू नये, वयनी."

एवढं बोलून घेतलं मी, एवढा घाम गाळला, आणि हा माणूस मला पंप शिकवतोय! माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर उत्तर निघालं. "मग या आणि तुम्हीच सांगा! आडवा तर आडवा. पण तो तिसरा घरी आला की नाही, तेवढं एकदा सांगून टाका. त्या बाईने आठ दिवस बोटं वर धरलीयत."

मेस्त्री स्टुलावर बसले. फोन समोर होता, पण ते बघत होते ओट्याकडे. काकी वाट बघत होत्या.

"इलो," मेस्त्री शेवटी म्हणाले.

मग घसा साफ केला. "इलो तो. पण येताना तेना काय एक हाडूक नाय. आणि बोलूक पण तेका जमाक नाय. इतकी वर्सां वायच वायच दिवस येय आणि जाय. घरात खय बसाचा, काय बोलाचा, तेका ठावकच नव्हता. बायल आजारी, आणि हेका नुसतो पंप खोलूक येता. म्हणान पायरेर बसान रवलो." त्यांनी ओट्यावरचं पीठ बोटाने गोळा केलं. "फुडे मेरीन तेका घरात घेतल्यान काय नाय, ता माका म्हायत नाय. गोऱ्यान ता सांगूक नाय."

ते खाली मान घालून बसले. मी फोनकडे बघितलं. काकींची तीन बोटं मिटली होती. वैजूने फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा, कारण ती स्वतः खाटेपाशी आली आणि आईच्या पाठीला हात देऊ लागली. काकींनी तो हात बाजूला केला. डाव्या हाताने खाटेची भिंतीकडची कड पकडली आणि भिंतीच्या बाजूला अंग ओढायला लागल्या. ओढलं, थांबल्या, दम घेतला, पुन्हा ओढलं. बाहेरच्या बाजूला एका माणसापुरती चादर रिकामी झाली. तिच्यावर त्यांनी हात फिरवला, सुरकुती काढली आणि तळहात तिथेच ठेवला.

मेस्त्री अजून पिठाशीच खेळत होते.

"मेस्त्री," मी म्हटलं, "मान वर करा. त्या सरकल्यात."